उभ्या गाडीची झीज

१

रोलर एका बाजूने मोजला तर दहा मिलिमीटर भरत होता. जरासा फिरवून मोजला तर नऊ पूर्णांक सात. डोळ्यांना तो गोलच दिसे. बुरुलने तो काचेच्या बशीत ठेवला आणि बशी किंचित कलती केली. रोलर अर्धा फेरा फिरला, आपल्या चपट्या अंगावर बसला आणि तिथेच थांबला.

"तिन्ही तसेच आहेत," इस्मार म्हणाला. मोठ्या बहिणीला म्हणतात तसं तो तिला एजे म्हणायचा. "एजे, शप्पथ सांगतो, मी बसवले तेव्हा आरशासारखे होते."

"शपथ राहू दे. शपथ मोजता येत नाही."

इस्मारचं गॅरेज म्हणजे बाजाराच्या टोकाला टेकवलेला एक जुना मालवाहू कंटेनर. इस्मार दुंगान, म्हणजे चिनी वंशाचा मुसलमान, काराकोल शहराकडचा. सात वर्षांपूर्वी बायकोला घेऊन कोक-बेल गावात आला, तेव्हा गावच्या अक्सकालांनी, म्हणजे पांढऱ्या दाढीच्या वडीलधाऱ्यांनी, त्याला ही जागा दिली होती. आता तेच शुक्रवारी नमाजानंतर बसून ठरवणार होते की ती त्याच्याकडे ठेवायची की नाही. काराकोलचं बापाचं घर थोरल्या भावाकडे गेलेलं. इथून उठला तर इस्मारला दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

प्रकरण साधं दिसत होतं. एशिम म्हाताऱ्याचा थोरला मुलगा मेदेर उन्हाळ्यात परदेशी पाहुण्यांना मोटरसायकलवरून खिंडी दाखवायचा. त्याची गाडी जपानी, जुनी, मोठ्या इंजिनाची, किक नसलेली. शरद ऋतूत इस्मारने तिला नवा स्टार्टर क्लच बसवला. लगेच मेदेर कामासाठी परदेशी गेला. हिवाळा संपला, धाकटा तिलेक कुरणावरून खाली आला, बटण दाबलं, तर मोटर नुसतीच घोंघावली. चिखलात ढकलून सुरू करणं शक्य नव्हतं म्हणून त्याने गाडी गवताच्या घोडागाडीवर चढवून आणली. इस्मारने झाकण खोललं. आत हे तीन चपटे रोलर.

"तुझ्या बायकोच्या शेवया लांब, आणि तुझे हात त्याहून लांब!" तिलेक भर बाजारात ओरडला होता. "नव्याचं नाव सांगून भंगार घातलंस!" तेव्हापासून कंटेनरसमोर एकही गाडी उभी राहिली नव्हती.

बुरुल दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत रसायनं बघायची. खरं काय ते शोधून दे, असं सांगायला सभेचे प्रमुख मुकाश अक्सकाल तिच्याकडे स्वतः चालत आले होते. तिने सख्ख्या चुलतभावाचं दूध पाण्यापायी परत पाठवलं होतं, हे साऱ्या गावाला माहीत होतं.

"आता मला दूधवालीला समजेल असं सांग," ती म्हणाली.

इस्मारने क्लच तळहातावर घेतला. "बटण दाबलं की छोटी मोटर फिरते, ती इंजिनाला फिरवते. इंजिन पेटलं की मोटरपेक्षा कितीतरी जोरात पळायला लागतं. मग मोटरला सोडवायला हवं, नाहीतर तिचा भुगा होईल. ते काम याचं. सायकलचं फ्रीव्हील असतं ना, तसंच. एका दिशेने धरायचं, दुसऱ्या दिशेने सोडायचं. हे रोलर खाचेत अडकतात म्हणून धरलं जातं. चपटे झाले की घसरतात."

"आणि झिजतात कधी?"

"सुरू करताना. तेवढ्याच वेळात. एकदा गाडी पेटली की पार दूर ओशपर्यंत न्या, यांना काही काम नाही. कडाक्याच्या थंडीत, बॅटरी अर्धमेली असताना बटण दाबत राहिलं, तर इंजिन उलटा झटका देतं. तो मार यांना सगळ्यात वाईट."

"मधे कोणी झाकण खोलून रोलर बदलले असतील?"

इस्मार कसनुसा हसला. त्याने झाकणाचे बोल्ट तिच्यापुढे ठेवले. प्रत्येकाच्या डोक्यावर लाल रेघेचा तुकडा होता. "बायकोचं नेलपॉलिश. बोल्ट आवळला की त्यावरून झाकणावर एक रेघ ओढतो. कोणी खोललं तर रेघ तुटते. तिलेकसमोर मी खोललं तेव्हा एकही तुटलेली नव्हती. त्यानेच मोजून बघितल्या."

बुरुलने बोल्ट उचलला आणि खाली ठेवला. "म्हणजे आत जे आहे, ते तूच घातलेलं."

"हो. माझीच रेघ माझ्यावर उलटली. एक तर मी चोर, नाहीतर ही गाडी उभ्या उभ्या झिजली."

"उभ्या उभ्या लोखंड झिजत नाही, इस्मार."

"तेच तर अख्खं गाव म्हणतंय, एजे."

२

तिलेक मेंढवाड्यात बसून एका पोरक्या कोकराला बाटलीने दूध पाजत होता. पलीकडे ओट्यावर त्याचा अता, म्हणजे बाप, एशिम लगामाची चामडी पट्टी शिवत होता.

"या एजे! सापडलं का इस्मारच्या लोखंडात पाणी?"

"अजून नाही. हिवाळ्यात गाडी कोणी चालवली?"

"कोण चालवणार? मी वर कुरणावर. घरात अता आणि अपा, म्हातारा-म्हातारी दोघंच. अपाचे पाय गेलेत, ती खिडकीपासून हलत नाही. आणि अता! तो तिला लोखंडी गाढव म्हणतो. घोड्याखेरीज कशावर बसला असेल तर फक्त जमिनीवर."

एशिमने मान वर केली नाही. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण तो फार थोडे शब्द वापरायचा.

"किलोमीटरचा काटा बघितलास?"

"तो तर मला पाठच आहे." तिलेकने कोकराच्या तोंडातून बाटली ओढली. "सगळे सात! जायच्या दिवशी मेदेरने मुद्दाम अंगणात गोल गोल फेऱ्या मारल्या. सगळे सात आले तेव्हा थांबला. म्हणे, आता माझं नशीब इथे थांबवून ठेवलंय, मी आल्यावर पुढे ढकलू. अजूनही सगळे सातच आहेत. एक किलोमीटरही गेली नाही गाडी. मग रोलर झिजले कुठे? काराकोलच्या बाजारात, इस्मारने घ्यायच्या आधीच!"

"काट्याची तार काढून कोणी चालवली असेल तर?"

"कोणी म्हणजे मी?" तो हसला, पण कान लाल झाले. "एजे, मेदेर मला जिवंत सोडेल का? पूर्वेच्या समुद्रावर मासेमारीच्या बोटीवर आहे तो. तिथून फोन लागत नाही, पण बर्फ फुटला की येतोच. जूनमध्ये त्याचे पाहुणे आहेत. आल्या आल्या आधी गाडीला हात लावेल, मग आईला."

बुरुलने गाडी सकाळीच तपासली होती. साखळीवर शरदातलं ग्रीस, त्यावर गवताची बारीक धूळ, आणि ती धूळ कुठेही घासली गेलेली नव्हती. टायर एकाच जागी चपटा झालेला, महिनोन्‌महिने एका जागी उभ्या असलेल्या गाडीचा होतो तसा. तार काढून कोणी एक फेरी जरी मारली असती तरी साखळीने ते सांगितलं असतं. तिलेक त्यातून सुटला. काराकोलच्या दुकानदारालाही तिने फोन केला होता. त्याच पेटीतले क्लच त्याने आणखी काही जणांना विकले होते आणि त्या सगळ्या गाड्या ठणठणीत होत्या.

"अता," ती ओट्याकडे वळली, "गाडी बाहेर गेली होती का कधी?"

"या फाटकाबाहेर गेली नाही."

"मग इस्मारने जुनंच घातलं असेल?"

सुई चामड्यात अर्धी जाऊन थांबली. "ते मी कसं सांगू," एशिम म्हणाला आणि सुई ओढून काढली. मग त्याच भोकातून पुन्हा घातली.

तिलेक तिला फाटकापर्यंत सोडायला आला. "त्याच्याकडे लक्ष देऊ नका. या हिवाळ्यात म्हातारा जरा विचित्र झालाय. आयुष्यात चहा केला नाही त्याने, आणि अपा सांगते की आता दर गुरुवारी स्वतः कढई चढवतो. कणकेचे बोर्सोक तळतो! मागच्या गुरुवारी माझी टोपी जाळली. विचारलं तर म्हणतो, गेलेल्यांना वास पोचला पाहिजे."

"वय झालं की आई-बाप आठवतात," बुरुल म्हणाली.

घरी जाताना तिच्या डोक्यात लाल रेघ आणि सगळे सात आलटून पालटून येत होते. दोन्ही खरे होते. आणि दोन्ही खरे असतील तर इस्मार चोर होता.

३

इस्मारने गाडीतलं ऑइल बरणीत काढून ठेवलं होतं. ते बुरुलने डेअरीत नेलं आणि खिडकीजवळ उजेडात धरलं.

ते काळं नव्हतं. दुधाच्या चहासारखं होतं. हा रंग तिच्या रोजच्या ओळखीचा: स्निग्ध पदार्थात पाण्याचे सूक्ष्म थेंब अडकले की असाच येतो. तिने थोडं ऑइल तव्यावर घालून तापवलं. ते तडतडलं. पेट्रोलचाही वास आला.

इंजिन पेटलं की जळण्यातून पाण्याची वाफ होते. गाडी धावली, इंजिन चांगलं तापलं, की ती उडून जाते. तापण्याआधीच बंद केलं तर आतल्या गार भिंतींवर तिचं पाणी होतं आणि ऑइलात उतरतं. एका वेळी थेंबभर. बरणीत तर कपभर पाणी असावं.

तिने ऑइल पातळ करून गाळलं आणि गाळणीच्या कागदाखालून चुंबक फिरवलं. कागदावर करड्या भुकटीची एक बारीक मिशी उभी राहिली आणि चुंबकाबरोबर चालू लागली.

तिने इस्मारला बोलावून घेतलं.

"क्लच बसवलास तेव्हा ऑइल बदललं होतंस?"

"बदलावंच लागतं, एजे. झाकण खोललं की ते सांडतंच. आतून सगळं पुसून, जाळी धुऊन, नवं भरलं. मेदेर बाजूला उभा होता, तोच बाटली ओतत होता. अर्धी स्वतःच्या बुटावर ओतली."

"मग हे बघ." तिने चुंबक फिरवलं. "रोलर आधीच झिजलेले असते, तर त्यांची झीज काराकोलच्या कुठल्यातरी जुन्या ऑइलात गेली असती. ही झीज तू भरलेल्या नव्या ऑइलात आहे. म्हणजे तू बसवलेस तेव्हा हे लोखंड अजून रोलरच्या अंगावर होतं."

इस्मारने त्या करड्या मिशीकडे पाहिलं. मग स्टुलावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. बुरुलने कागद बाजूला घेतला. पाण्याचा थेंब पडला असता तर नमुना बिघडला असता.

"पण गाडी कुठे गेली नाही," तो हातांआडून म्हणाला. "साखळी, टायर, काटा."

"नाही गेली. तूच सांगितलंस, हे रोलर चालण्याने झिजत नाहीत, सुरू करण्याने झिजतात. ही गाडी हिवाळाभर सुरू होत होती, इस्मार. गारठ्यात, मरत चाललेल्या बॅटरीवर, पुन्हा पुन्हा. जरा वेळ चालायची आणि बंद व्हायची. जायची कुठेच नाही."

"असं कोण करेल? वेड लागल्याशिवाय?"

तो प्रश्न तिलाही पडला होता. घरात दोनच माणसं होती. एकीला उभं राहता येत नव्हतं.

४

गुरुवारी दुपारी ती एशिमच्या घरी गेली तेव्हा अंगणात तळणीचा वास होता. एशिम शेगडीपुढे उकिडवा बसून कढईत झारा फिरवत होता. तिला पाहून त्याने मान हलवली. तिलेक मेंढ्या घेऊन नदीकडे गेला होता.

त्याची बायको कालीचा खिडकीशी, दुलयांच्या ढिगाला टेकून बसली होती. पांढरा रुमाल, लाल गाल, पायांवर मेंढीचं कातडं.

"ये गं पोरी, इथे बस. तुझ्या अंगाला अजून डेअरीचा वास येतो. तो खातो का बघ माझा नवरा, नुसता तळत बसतो. मी म्हटलं, वीस वर्षं झाली तुमच्या आईला जाऊन, आता कुठे भूक लागली का तिला?" ती हसली. मग खिडकीबाहेरच्या पडवीकडे तिची नजर गेली. "गाडी कधी देणार तो दुंगान? मला झोप नाही गं तिच्याशिवाय."

बुरुलने कप खाली ठेवला. "तिच्याशिवाय म्हणजे?"

"मेदेर जाताना सांगून गेला, अधूनमधून सुरू करत जा, नाहीतर बॅटरी मरेल. आधी हे आठवड्याला एकदा करायचे, तेही शिव्या देत. मग जानेवारीतल्या थंडीपासून काय झालं कोण जाणे, गाढवाशी सूत जुळलं. आता मी नुसतं विचारलं ना, मेदेर कधी येईल हो, की हे उठतात आणि जाऊन गाडी चालू करतात. रोज. दिवसातून किती वेळा विचारते मी! मला बरं वाटतं. डोळे मिटले की वाटतं तोच पडवीत आहे, आत्ता बूट झटकून आत येईल."

"आणि अता काय म्हणतात? कधी येणार?"

"म्हणतात कुठे? सांगितलं ना, उठून जातात."

बुरुल पडवीत गेली. गाडीची जागा रिकामी होती. मागच्या चुन्याच्या भिंतीवर, गाडीच्या धुराड्याच्या उंचीला, काजळीचा एक पंखा उमटला होता, मधे दाट आणि कडांना फिकट. बोट लावलं तर काजळी थरांनी निघत होती.

कोण, ते कळलं होतं. पण आता दुसरंच कोडं समोर होतं, आणि ते तिला पहिल्यापेक्षा अवघड वाटलं. 'बायकोला आवाज बरा वाटतो म्हणून मी गाडी सुरू करायचो.' एवढं एक वाक्य. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. ते न बोलता एशिमसारखा माणूस एका निरपराध्याला गावातून उठवायला का निघाला होता?

मागे पावलं वाजली. एशिम ताटली घेऊन उभा होता. बोर्सोक नव्हते, आज सात गोल चपट्या पुऱ्या होत्या, एकावर एक. गेलेल्या माणसासाठी तळतात त्या. फार पूर्वी गेलेल्या आई-बापांसाठी कोणी दर गुरुवारी असं करत नाही. ज्याला जाऊन वर्ष झालेलं नाही त्याच्यासाठी करतात.

बुरुलने ताटलीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, मग त्याच्याकडे. तिच्या तोंडात एक नाव आलं होतं. ते तिने उच्चारलं नाही. ते उच्चारणं तिचं काम नव्हतं.

"घे," एशिम म्हणाला. "खाल्लं पाहिजे कोणीतरी. आत्तापर्यंत कुत्र्याला घालत आलो."

तिने एक घेतली आणि खाल्ली, आणि तळहात तोंडावरून फिरवले, जसे अशा वेळी फिरवतात. ते पाहून म्हातारा गवताच्या भाऱ्यावर बसला.

"जानेवारीत फोन आला," तो म्हणाला. "मी गवताच्या गंजीवर होतो, हातात गवत उचलायचा काटा होता. कोणी बाई होती. रशियन बोलत होती, फार सभ्य. बर्फात बोट उलटली म्हणाली. कोणी सापडलं नाही. त्याचं नाव अगदी नीट घेतलं तिने. मग विचारलं, तुम्हाला ऐकू येतंय का? मी म्हटलं, येतंय. मग म्हणाली, काही प्रश्न असतील तर याच नंबरवर फोन करा." त्याने वर पाहिलं. "अशी बातमी अशी सांगतात का, बुरुल? गंजीवर?"

बुरुलला तिचा नवरा गेला तो दिवस आठवला. डेअरीत दोन जावा आल्या, म्हणाल्या, घरी चल, पाहुणे आलेत. घरात माणसं गच्च. तिला मधे बसवलं, दोन्ही खांद्यांना बायकांनी धरलं, कोणी पाण्याचा वाडगा घेऊन तयार होतं. मुकाश अक्सकालांनी फार लांबून सुरुवात केली, डोंगरापासून, नदीपासून, जे जे टिकत नाही त्यापासून. त्या शब्दाशी ते पोचले तेव्हा तो तिला आधीच कळला होता, आणि पडायला जागा नव्हती, इतके हात होते.

"नाही, अता," ती म्हणाली. "अशी नाही सांगत."

"मग मला कोणी सांगितलंच नाही ना अजून." तो ताटलीशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "माती नाही. जनाजा नाही. चार माणसं आली नाहीत. मग हे झालं कुठे? दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, मुकाशकडे जातो, माणसं जमवतो. कालीचाने विचारलं, मेदेर कधी येईल? खोटं मला बोलता येत नाही. खरं सांगायचा मला हक्क नाही, बापाने एकट्याने आईला सांगायचं, असं कुठे असतं? मी उठलो आणि गाडी सुरू केली. ती हसली. मग म्हटलं, उद्या जातो मुकाशकडे."

"आणि इस्मार?"

"त्याचं नाव तू घेतलंस तेव्हापासून मी जेवलेलो नाही. पण गाडीबद्दल तोंड उघडलं तर तिलेक विचारेल, एवढ्या वेळा का? मग माझं तोंड मिटणार नाही."

आतून कालीचाने हाक मारली, कढई जळतेय म्हणून.

"उद्या सभा आहे," बुरुल उठत म्हणाली. "लोखंडाचं जे सापडलं ते मी सांगेन. त्यापुढे मला विचारलं तर मी बोलणार नाही. ते माझं नाही."

एशिम उठून कढईकडे गेला.

५

सभा कंटेनरसमोरच बसली. अक्सकाल बाकांवर, बाकीचे उभे. इस्मारची बायको दाराआड. एशिम बाकाच्या टोकाला बसला होता, फेल्टची टोपी डोळ्यांवर ओढून.

बुरुलने गाळणीचा कागद आणला होता. चुंबक कागदाखालून फिरवलं तशी म्हातारी डोकी पुढे झुकली. तिने नवं ऑइल, नवी झीज, पाणी, सगळं सांगितलं. "क्लच नवा होता. बसवल्यानंतर झिजला."

"पण गाडी उभी होती!" तिलेक म्हणाला. "सगळे सात आहेत अजून!"

"उभी होती आणि सुरू होत होती."

"कोण करत होतं?" मुकाशनी विचारलं.

"ते मला माहीत आहे, अक्सकाल. पण मी सांगू शकत नाही."

कुजबुज झाली. कोणी म्हणालं, ही दुंगानाच्या शेवया खाऊन आलीय. मुकाशनी हात वर केला. ते कठोर नव्हते, पण थकलेले दिसत होते. "पोरी, तू दुधात पाणी आहे म्हणतेस आणि घातलं कोणी ते सांगत नाहीस. लोकांना लोखंडाची पावडर कळत नाही, माणूस कळतो. माणूस नसेल तर बोट इस्मारकडेच राहणार. त्याने ही जागा सोडावी, असं सभेचं मत पडतंय."

इस्मार पुढे आला. भांडायला येत असावा असं वाटून तिलेक सावरून उभा राहिला. पण इस्मारने कंटेनरमधून गाडी ढकलत बाहेर आणली.

"मी जाईन," तो म्हणाला. "पण गाडीचा काय दोष? दुसरा क्लच बसवलाय. गिअरच्या ज्या गोल अंगावर रोलर धरतात तिथे चरे पडले होते, ते बारीक घासून काढले. स्प्रिंगा नव्या, बॅटरी नवी, ऑइल नवं. जूनमध्ये मेदेरभाऊ खिंडीवर जाणार, वाटेत अडकला तर मला तोंड दाखवता येणार नाही. ऐका तिलेक, नीट ऐका. घसरते का सांगा."

त्याने बटण दाबलं. एकदाच 'खट्' झालं, मोटरने इंजिनाला घट्ट धरलं, आणि इंजिन पेटलं. आवाज बाजारभर पसरला, खोल आणि सारखा.

"बंद कर," एशिम म्हणाला.

इस्मारला ऐकू आलं नाही. एशिम बाकावरून उठला, गाडीपाशी गेला आणि स्वतःच्या हाताने चावी फिरवली. चावी कुठे आहे हे त्याला बघावं लागलं नाही. तिलेकच्या ते लक्षात आलं.

"अता? तुम्ही?"

"मी. इस्मारचा माल नवा होता. झिजवला मी." एशिमने डोक्यावरची टोपी काढली. "इस्मार, मुला, मला माफ कर. तिलेक, तू घरी जा. अपापाशी बस."

"का? सभा तर..."

"जा. तिच्या शेजारी बस, आणि तिचा हात धर."

तिलेक हलला नाही. गावात माणसाला असं सभेतून उठवून कधी पाठवतात, आईचा हात धरायला कधी सांगतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि त्यालाही होतं. त्याने गाडीकडे पाहिलं, मग बापाच्या उघड्या डोक्याकडे. त्याचे ओठ हलले, भावाच्या नावाइतके. इस्मारने जाऊन त्याला खांद्याशी धरलं. तिलेकने त्याला झिडकारलं नाही.

बाकांवरचे अक्सकाल एकेक करून उभे राहिले.  मुकाशनी तळहात पुढे धरले आणि एशिम बोलेल याची वाट पाहिली. त्याला घाई करण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"उद्या पहाटे आमच्या घरी या," एशिम म्हणाला. त्याचा आवाज नीट होता. "सगळे या. बायकांना घेऊन या, दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन या. कालीचाला सांगायचं आहे. आणि मुकाश, सांगाल तेव्हा मलाही तिच्या शेजारी बसवा. मलाही सांगा."